चायना ग्रासची हकिगत

स्मरणिकेसाठी काही तरी लिहा, असे कार्यवाहबाईंनी सांगितले, तेव्हा मला १९९२ सालचे संक्रांतीचे हळदीकुंकू आठवले. वाशीला आम्ही नव्यानेच राहावयास आलो होतो. आखातातून आलेल्या एका आप्तांनी दिलेल्या पाकिटातील जेली मी मोठ्या हौसेने करून नेली. शेजारच्या माळकरी काकूंनीही ती आवडीने खाल्ली. रात्री रिकामे पाकीट टाकताना त्यावरील बारीक इंग्रजी अक्षरे वाचली आणि माझे हातपाय गार पडले. जिलेटिन! म्हणजे जनावरांची कातडी व हाडे उकळून काढलेला पदार्थ. (पाकिटावर हिरवा वा तपकिरी ठिपका छापण्याची सक्ती आपल्याकडे २००१ साली आली.) सकाळी काकूंना जाऊन खरे सांगितले. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलंस. पण वाचून करत जा हो." त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, हे मला मागाहून कळले.

तेव्हापासून माझ्या घरात चायना ग्रास आला. नाव गवताचे, पण हे गवत नव्हे. समुद्रातील तांबड्या शेवाळाचा तो गोठवून वाळवलेला रस. मलायी भाषेत त्याला 'आगर-आगर' म्हणतात. आपल्याकडचे आगर म्हणजे मिठागर. त्याचा याच्याशी काही संबंध नाही, नुसता उच्चार सारखा.

वाळवण्याची युक्ती जपानची. १६५८ च्या सुमारास मिनो तारोझाएमोन नावाच्या खाणावळवाल्याने उरलेली शेवाळाची खीर थंडीत बाहेर टाकली. ती रात्री गोठली, दिवसा वितळली, वाळून हलकी झाली आणि पुन्हा उकळताच पहिल्यासारखी थिजली, अशी कथा तेथे सांगतात.

मला मात्र खरे कौतुक वाटते ते फॅनी हेस या बाईंचे. १८८१ साली त्यांचे पती वॉल्थर हेस जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. जंतू वाढविण्यासाठी तेथे जिलेटिनचा थर वापरीत. उन्हाळ्यात तो पातळ होई. शिवाय काही जंतू तो खाऊनच टाकीत. वैतागलेल्या पतीने विचारले, तुझ्या जेल्या या उकाड्यात घट्ट कशा राहतात? फॅनीबाईंचे बालपण न्यूयॉर्कला गेलेले. तेथे जावा बेटावर राहून आलेल्या एका डच शेजारणीने त्यांना आगरची जेली शिकविली होती. एका शेजारणीने दुसरीला शिकविलेला हा पदार्थ प्रयोगशाळेत गेला. आगर थिजते चाळीस अंशांच्या आसपास, पण एकदा थिजले की सुमारे ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. जंतूंना अंगाच्या उष्णतेत ठेवले तरी थर जागचा हलत नाही. १८८२ साली कॉख यांनी क्षयाच्या जंतूंवरील निबंधात आगरचा ओझरता उल्लेख केला. बाईंचे नाव त्यात नाही, पतीचेही नाही! आज वाशीत कोणी लघवी 'कल्चर'ला दिली, तर ती जंतू पाहण्यासाठी आगरच्याच बशीवर पसरतात.

दुसऱ्या महायुद्धात जपानचा माल बंद झाला, तेव्हा इतर देशांना आपापले किनारे धुंडाळावे लागले. आपल्याकडे तामिळनाडूच्या रामनाथपुरम भागात कोळी स्त्रिया बोटांना चिंध्या गुंडाळून, बुडी मारून हे शेवाळ काढतात. १९८६ साली तेथील बेटांभोवती राष्ट्रीय उद्यान झाले आणि त्यांच्या जुन्या जागांवर बंधने आली. हे वाचल्यापासून ती पांढरी जुडी मी उगीच जास्त मोडीत नाही.

पुढल्या संक्रांतीला मी गुलाबी दुधाच्या वड्या नेल्या. काकूंनी विचारले, "वाचलंस ना?" मी जुडीच दाखविली. त्यांनी दोन वड्या घेतल्या आणि प्रमाणही लिहून घेतले: दूध १ लिटर, चायना ग्रास १० ग्रॅम, साखर आवडीप्रमाणे. काड्या अर्धा तास भिजवून वेगळ्या पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळाव्या, गाळून गरम दुधात घालाव्या. दूध गार असेल तर गुठळ्या होतात, एवढे सांभाळावे.