ओसाका फिरायचंय? मग वऱ्हाडच्या कापसामागे चला

मागचा भाग ऐकून बऱ्याच जणांनी लेखी मजकूर मागितला, कारण जपानी नावं नुसती ऐकून मॅपमध्ये टाकता येत नाहीत. म्हणून हा भाग लिहून देतोय. जिथं बोलताना घाई झाली होती, तिथं थोडी भरही घातली आहे.

ओसाका शहरावर मराठीत रील्स भरपूर आहेत. दोतोनबोरीचा कालवा, तिथला हात वर करून धावणाऱ्या माणसाचा फलक, ताकोयाकी, किल्ला, झालं. ते बघाच, त्यात वाईट काही नाही. पण यवतमाळ, अमरावती, अकोल्याकडचं कोणी तिथं गेलं, तर त्यांच्यासाठी वेगळा रस्ता आहे. आपल्या आजा-पणजानं वेचलेला कापूस ज्या रस्त्यानं गेला, तो. शंभर वर्षांपूर्वी ओसाकाला ‘पूर्वेकडचं मँचेस्टर’ म्हणायचे, आणि त्या मँचेस्टरच्या भट्टीत बराचसा माल आपल्याकडचा होता.

आधी आपल्या बाजूचं थोडक्यात. जागतिक बाजारात वऱ्हाडच्या कापसाला ‘ऊमरा’ म्हणायचे. हे अमरावतीचं, म्हणजे जुन्या उमरावतीचं, व्यापाऱ्यांनी तोडून-मोडून केलेलं नाव. आखूड धाग्याचा, जाडाभरडा, पण स्वस्त. यवतमाळ जिल्ह्याचं नाव १९०५ पर्यंत वणी जिल्हा होतं. इथला कापूस जिनमध्ये सरकी काढून, प्रेसमध्ये दाबून, गाठी बांधून निघायचा. काही बैलगाडीनं धामणगावच्या स्टेशनावर. पुढे शकुंतला आली, मग यवतमाळहून दारव्ह्यामार्गे मूर्तिजापूर. तिथं छोट्या गाडीतल्या गाठी उतरवून मोठ्या लाइनच्या डब्यात चढवायच्या आणि मुंबई. शकुंतला म्हणजे किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं उभी केलेली नॅरोगेज, यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली खऱ्या मँचेस्टरमध्ये बनलेलं होतं आणि १९९४ पर्यंत ओढत राहिलं.

मुंबईहून जहाज. इथून आपली टूर सुरू होते, आणि ती ओसाकात नाही, कोबेत सुरू होते.

कोबे हे शेजारचं बंदर. ओसाकाहून रेल्वेनं सान्नोमिया स्टेशनला अर्ध्या तासाच्या आत पोचता. समुद्राच्या बाजूला काइगान-दोरी नावाचा रस्ता आहे. तिथं १९१८ सालची ‘कोबे यूसेन’ इमारत उभी आहे, निप्पोन यूसेन काइशा या जहाज कंपनीची. या कंपनीचं ‘हिरोशिमा मारू’ नावाचं जहाज नोव्हेंबर १८९३ मध्ये कोबेहून मुंबईला निघालं. जपानची ही पहिली लांब पल्ल्याची नियमित जहाजसेवा. पहिलीच लाइन लंडनची नाही, अमेरिकेची नाही, मुंबईची! कारण एकच, कापूस.

त्याआधी मुंबई ते जपान या मार्गावर पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीची आणि तिच्या साथीदारांची मक्तेदारी होती. भाडं ते म्हणतील ते. नागपुरात एम्प्रेस मिल चालवणारे जमशेटजी टाटा १८९३ मध्ये जपानला गेले आणि निप्पोन यूसेनशी करार करून आले, की दोघं मिळून जहाजं चालवू. मग जे झालं ते आजच्या कॅब ॲपच्या डिस्काउंट-युद्धासारखंच. समोरच्यानं भाडं इतकं पाडलं की टाटांची स्वतःची लाइन दोन-तीन वर्षांतच गुंडाळावी लागली. जपानी कंपनी मात्र टिकली, कारण तिथल्या सूत गिरण्यांच्या संघटनेनं ‘आमचा माल तुमच्याच जहाजानं’ असा शब्द दिला होता. टाटांच्या मागे असं कोणी उभं राहिलं नाही. मला या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शाळेच्या पुस्तकात मात्र जहाजाच्या नावापलीकडे कोणी जात नाही.

कोबेत वेळ असेल तर कितानो भागात चढून जा. १९२३ च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झालं, तेव्हा तिथले बरेच हिंदी व्यापारी कोबेला आले. १९३५ ची मशीद याच भागाजवळ आहे, तिच्या वर्गणीत हिंदी व्यापाऱ्यांचा पैसा आहे. १९४५ चे बॉम्ब आणि १९९५ चा भूकंप, दोन्ही तिनं झेलले.

आता ओसाका. लूप लाइनवर तायशो स्टेशनला उतरा आणि सांगेन्या भागाकडे चाला. नावाचा अर्थ ‘तीन घरं’. आज बघाल तर साधी वस्ती, छोटे कारखाने, सायकली. टुरिस्ट कोणी नाही. पण सांगेन्या-हिगाशीत एक दगड आहे, ‘आधुनिक सूतकताईचं जन्मस्थान’ अशा अर्थाचा. इथं १८८३ मध्ये ओसाका स्पिनिंग कंपनी सुरू झाली, १०,५०० चात्यांची. त्याआधी सरकारनं दोन-दोन हजार चात्यांच्या गिरण्या काढल्या होत्या, त्या चालल्या नाहीत. शिबुसावा एइइची या उद्योगपतीनं हिशेब मांडला, की एवढ्याशा आकारात हे परवडणार नाही. त्यानं लंडनमध्ये शिकत असलेल्या यामानोबे ताकेओ या तरुणाला कळवलं, आता अभ्यास बदल आणि सूतगिरणी शीक. तो लँकेशायरच्या गिरणीत जाऊन राबला आणि परत येऊन हा कारखाना उभा केला. हाच शिबुसावा २०२४ पासून जपानच्या दहा हजार येनच्या नोटेवर आहे. तिथं नोट मोडताना चेहरा नीट बघा.

जपानी गिरण्यांची खरी करामत मिसळणीत होती. १८८९ मध्ये त्यांचं पथक हिंदुस्थानात कापूस बघायला येऊन गेलं. आपला आखूड धागा एकटा वापरला तर सूत तुटतं. अमेरिकेचा लांब धागा एकटा वापरला तर महाग पडतं. मग दोन्ही मिसळायचे, आणि प्रमाण भावानुसार बदलायचं. आज ऊमरा स्वस्त, तर ऊमरा जास्त. नुसत्या कापसाच्या पेटीवर हे डोकं चालवून त्यांनी नफा काढला. १८९६ मध्ये जपाननं कच्च्या कापसावरचं आयात शुल्कच काढून टाकलं. त्यांच्या स्वतःच्या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याचं त्यात काय झालं असेल, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

आणि हे स्वस्त सूत कोणाच्या जिवावर? बहुतेक खेड्यांतून आणलेल्या मुलींच्या. या गिरणीत १८८६ मध्ये विजेचे दिवे आले, ते रात्रपाळीसाठी. डिसेंबर १८९२ मध्ये इथं आग लागली आणि ९५ कामगार गेले. पुढे १९१४ मध्ये ही कंपनी दुसऱ्या एका गिरणीत विलीन होऊन ‘तोयो बोसेकी’ झाली. तायशो भागातच ओकिनावाहून कामाला आलेल्या लोकांची वस्ती वाढली, आजही तिथं ओकिनावाच्या खाण्याची दुकानं आहेत. जेवण तिथंच करा, दोतोनबोरीपेक्षा स्वस्त पडतं.

सूत तयार झालं, कापड झालं, की विकायला सेनबा. हा ओसाकाचा जुना व्यापारी भाग, सोळाव्या शतकाच्या शेवटी किल्ल्याबरोबर वसवलेला. एक टीप: ओसाकात पूर्व-पश्चिम रस्त्याला ‘दोरी’ म्हणतात आणि उत्तर-दक्षिण रस्त्याला ‘सुजी’. एवढं लक्षात ठेवलं की मोबाइलची बॅटरी गेली तरी सेनबात हरवत नाही. दोशोमाची औषधांची, होनमाची कापडाची. होनमाचीजवळ उड्डाणपुलाखाली जवळजवळ किलोमीटरभर लांब सेनबा सेंटर बिल्डिंग आहे, १९७० ची, आत कापडाची घाऊक दुकानं. वर गाड्या, खाली तागे. इथल्या जुन्या व्यापाऱ्यांचा नमस्कारच मुळी ‘मोकारिमाक्का?’ असा, म्हणजे ‘कमाई होतेय ना?’ आपल्याकडे बाजार समितीच्या गेटवर ‘काय भाव चाललाय?’ विचारतात, तसंच. फक्त तिथं विचारणारा विकणारा असतो.

सेनबातच बिंगोमाचीत ‘मेंग्यो काइकान’ आहे, म्हणजे कापूस उद्योग भवन. १९३१ मध्ये कापूस उद्योगातल्या देणगीतून बांधलेलं. युद्धातल्या बॉम्बवर्षावात आजूबाजूचं जळालं, हे राहिलं. आत ठराविक दिवशी, आधी नोंदणी करूनच जाता येतं. जमलं तर जाच. संगमरवर, लाकडी नक्षी, प्रत्येक दालन वेगळ्या शैलीचं. बघताना तारीख डोक्यात ठेवा. १९३१. त्या वर्षी जगभर मंदी होती आणि वऱ्हाडात कापसाचे भाव पडलेले होते.

दोनच वर्षांनी काय झालं बघा. जपानी कापड हिंदुस्थानात इतकं स्वस्त येऊ लागलं की इथल्या गिरण्या ओरडल्या, लँकेशायरही ओरडलं. जून १९३३ मध्ये सरकारनं ब्रिटिश सोडून बाकी सगळ्यांच्या सुती कापडावर ७५ टक्के शुल्क लावलं. उत्तर म्हणून जपानी गिरण्यांच्या संघटनेनं ठरवलं: हिंदुस्थानी कापूस घेणं बंद. आपल्या कापसाचं परदेशातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक एका ठरावात उठून गेलं. भांडण मुंबई-अहमदाबाद-लँकेशायरच्या कापडाचं, आणि गाठी पडून राहण्याची धास्ती दारव्हा-दिग्रसच्या शेतकऱ्याला.

वाटाघाटी सिमल्यात सुरू झाल्या आणि दिल्लीत संपल्या. आपल्या बाजूचे प्रमुख होते सर जोसेफ भोर, नाशिकमध्ये जन्मलेले, पुण्यात शिकलेले. एमपीएससीवाल्यांनी भोर समिती पाठ केली असेल, तेच हे. १९३४ चा करार असा ठरला: जपाननं वर्षाला १० लाख गाठी घेतल्या तर ३२ कोटी ५० लाख यार्ड कापड पाठवता येईल, १५ लाख गाठी घेतल्या तर ४० कोटी यार्डांपर्यंत. शुल्क ५० टक्क्यांवर. म्हणजे कच्चा माल द्या आणि त्याचंच कापड परत विकत घ्या, हे आता कागदावर आकड्यांत आलं. भोर यांनी कापसासाठी गिऱ्हाईक परत आणलं, त्या वेळी शेतकऱ्याला तेच हवं होतं, त्यामुळे मी त्यांना दोष देणार नाही. पण त्या टेबलावर कापूस पिकवणाऱ्याला काय हवंय हे विचारायला कोणी यवतमाळला आलं होतं का, हा प्रश्न मला पडतो.

आज सांगेन्यातल्या गिरणीची एक वीटही बघायला मिळत नाही, पण दगड आहे, तारीख आहे. मूर्तिजापूरला शकुंतला बंद पडली आहे, रूळ गवतात आहेत. तुमच्या घरी, गोदामात किंवा आजोबांच्या ट्रंकेत जुन्या जिनच्या पावत्या, अडत्याचे हिशेब, गाठींवरच्या शिक्क्यांचे फोटो असतील तर आम्हाला पाठवा. एखाद्या कागदावर कोबे किंवा ओसाका लिहिलेलं सापडलं, तर पुढचा भाग त्याच कागदावर करू.