दावे आणि दाखला : आमच्या जिल्ह्यातील जुन्या मोटारीची कथा

मोटारीचा इतिहास सांगणारे बहुधा कारखान्यापासून आरंभ करतात. आमच्या धाराशिव जिल्ह्यापुरते बोलायचे तर तो आरंभ उपयोगी पडत नाही. येथील सामान्य कुटुंबाच्या दारात मोटार आली ती कारखान्यातून नव्हे, तर दुसऱ्याच्या दारातून. कोणी डॉक्टर, कोणी वकील, कोणी अडत्या ती काही वर्षे वापरी आणि मग ती आमच्याकडे येई. म्हणून आमच्या भागात मोटारीचा इतिहास म्हणजे प्रामुख्याने जुन्या मोटारीचाच इतिहास होय. राजवाड्यांच्या आणि लढायांच्या पुढे हा विषय किरकोळ वाटेल. पण मालकी म्हणजे काय, हा प्रश्न त्यात दडलेला आहे, आणि तो किरकोळ नाही.

प्रथम भूगोल पाहू. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि शेजारचे सोलापूर व बार्शी इंग्रजी अमलात. तुळजापूरहून सोलापूर अवघे पंचेचाळीस किलोमीटर, पण मध्ये राज्याची सरहद्द होती. पलीकडे कलदार रुपया, अलीकडे हाली सिक्का. आणि येणाऱ्या मालावर जकात घेणारे करोडगिरीचे नाके. रेल्वेही अशीच कडेकडेने गेलेली. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आली, १९११ मध्ये लातुरास पोहोचली. पण जिल्ह्याच्या मुख्य गावाला वळसा घालून, येडशीवरून. धाराशिव शहरात रेल्वे आली ती एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, रुळांची रुंदी बदलताना मार्ग वळवला तेव्हा. तोपर्यंत आमची सारी भिस्त सडकेवर. निजामाच्या रेल्वेखात्याने १९३२ साली सत्तावीस बसगाड्यांनिशी सरकारी मोटारवाहतूक सुरू केली. पण स्वतःची मोटार ही जहागीरदार, अधिकारी आणि मोठे व्यापारी यांच्यापुरतीच राहिली.

स्वातंत्र्यानंतर स्थिती पालटेल असे वाटले होते. मोटारीचा स्वदेशी कारखाना काढणाऱ्यांत अग्रणी असलेले वालचंद हिराचंद हे मूळचे आमच्या शेजारचे. त्यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. त्यांची प्रीमियर ऑटोमोबाईल्स १९४४ मध्ये स्थापन झाली आणि १९५४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून अकराशे फियाट निघू लागली. तिकडे बंगालात १९५७-५८ च्या सुमारास अ‍ॅम्बेसेडर आली. विदेशी कंपन्यांचे जुळणीचे कारखाने त्याआधीच बंद झाले होते. गिऱ्हाईक पुष्कळ आणि गाड्या मोजक्या, अशी अवस्था झाली. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. काळाबाजार होऊ नये म्हणून १९५९ च्या नियंत्रण आदेशाने नवी गाडी दोन वर्षांच्या आत परवानगीवाचून विकण्यास बंदी केली. परिणाम असा झाला की जुनी गाडी ही टाकाऊ वस्तू न राहता तिला सोन्यासारखा भाव आला. जगात अन्यत्र मोटार दारात उभी राहिली की तिची किंमत उतरते. आमच्याकडे काही वर्षे ती टिके, क्वचित चढेही.

आमच्या घरी जुनी फियाट आली ती १९७८ साली, उसाचे बिल हाती आल्यावर. वडील, दोन्ही चुलते आणि गावचा एक मिस्त्री असे चौघे सोलापूरला गेले. ती खरेदी आम्ही लहानपणी पाहिली, आणि ती हुबेहूब बैलाची खरेदी होती. बैल घेताना दात पाहतात, चालवून पाहतात, खांदा सुजला आहे का ते चाचपतात. मिस्त्रीने तेच केले. तेलाची कांडी काढून बोटावर तेल चोळले. इंजिन थंड असताना चालू करावयास लावले, कारण तापलेले इंजिन आपले दुखणे लपवते. धुराचा रंग पाहिला. निळसर धूर म्हणजे गाडी तेल पिते, रिंगपिस्टनचे काम निघणार. टायर एका बाजूने झिजले आहेत का ते पाहिले. बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवावा, तसा चुलत्यांनी दलालाला बाजूला नेऊन भाव ठरवला.

पुढे ती गाडी आम्ही आठ वर्षे चालवली. चालवली म्हणण्यापेक्षा सांभाळली. वैशाखात येडशीच्या घाटात पेट्रोल नळीतच उकळे आणि गाडी दम तोडी. मग पंपावर ओले फडके घालून झाडाखाली बसावे. बॅटरी उतरली की सारे घर धक्का द्यायला बाहेर. पण त्याच गाडीतून आत्याला अडलेल्या अवस्थेत रात्री सोलापूरला नेले, आणि मायलेकरे दोघेही वाचली. त्या एका रात्रीने गाडीचा सारा खर्च फेडला, असे आजी अखेरपर्यंत म्हणत असे.

१९८६ मध्ये गाडी विकली. घेणाऱ्याने पैसे मोजले, वडिलांनी फॉर्मांवर सह्या केल्या, किल्ली दिली आणि व्यवहार संपला असे मानले. चार वर्षांनी वडिलांच्या नावे नोटीस आली. त्या गाडीने एका रोजंदारीच्या मजुराला उडवले होते, त्याचा पाय गेला होता, आणि दफ्तरी मालक आमचे वडील होते! गाडी मध्यंतरी आणखी दोन हातांत फिरली होती. नाव कोणीच बदलले नव्हते, विमाही सरला होता. अखेर ज्याच्या हाती गाडी होती त्याने तडजोडीत रक्कम भरली. पण तोवर तीन वर्षे तारखा चालल्या. वडील म्हणत, "मी गाडी विकली, नाव विकायचे राहिले."

येथेच बैल आणि मोटार यांचा मार्ग फुटतो. बैलाचे दावे हाती आले की बैल आपला, ही आमची पिढीजात समजूत. मोटारीची जबाबदारी दाव्याबरोबर जात नाही. ती दफ्तरातील नावाबरोबर राहते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने विकणाऱ्यावर चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यावर तीस दिवसांत खबर देण्याचे बंधन घातले. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असेच प्रकरण आले. गाडी एकामागून एक हातांत गेली होती, नाव मात्र जुन्याच मालकाचे होते. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्या नोंदलेल्या मालकावर ठेवली. आम्हांस तेव्हा वडिलांची आठवण झाली. पण रागाने पाहू नये. पाय गमावलेल्या मजुराने किल्ली कोणकोणाच्या खिशातून फिरली याचा शोध घेत गावोगाव हिंडावे काय? त्याला एक नाव हवे, आणि ते दफ्तरातच सापडते. कायदा जुन्या मालकाला कठोर वाटतो तो जखमी माणसाच्या बाजूने उभा असल्यामुळे.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि टंचाईचे युग संपत गेले. नव्या गाड्या विपुल झाल्या, तशा जुन्याही. आज पुण्यात नोकरीस गेलेला मुलगा नवी घेतो आणि जुनी गावाकडे धाडतो. मालक बदलला तरी घर तेच, म्हणून नाव बदलण्याची घाई कोणालाच नसते. पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार झाले, त्यामुळे कागद लांबणीवर टाकण्याचा मोहही वाढला आहे.

मिस्त्री बरोबर नेण्याची शहाणीव आमच्या लोकांनी बैलबाजारातून आणली, आणि ती खरीच आहे. तिला आता दुसरी जोड हवी. घेताना चेसिसचा आकडा दाखल्याशी ताडून पाहावा, बँकेचा बोजा उतरला आहे का ते पाहावे. आणि विकताना दफ्तरातून आपले नाव उतरल्याखेरीज व्यवहार संपला असे मानू नये. दात पाहणे आम्ही शिकलो होतो. दाखला पाहण्यास एक पिढी लागली. ती किंमत पुढच्या पिढीने पुन्हा मोजू नये, एवढ्यासाठी हा इतिहास सांगितला.