छातीवरचा नंबर

ताठ बस, पाय हलवू नकोस, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोल. सैन्यदलांसाठी अधिकारी निवडणाऱ्या एसएसबीला निघालेल्या मुलाला हा उपदेश घरचे करतात, शेजारचे करतात आणि क्लासवाले तर पैसे घेऊन करतात. गंमत अशी, की ही निवडपद्धत जन्मली तीच नुसत्या रुबाबाला भुलून फसल्यावर.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश लष्करात अधिकारी थोडक्या वेळच्या मुलाखतीतून निवडले जात. शाळा कुठली, घराणं कसं, बोलण्याची ढब कशी, एवढ्यावर भागत असे. असे निवडलेले पुष्कळ जण प्रशिक्षणातून परत पाठवावे लागले, तेव्हा १९४२ साली एडिंबरोत मानसोपचारतज्ज्ञांना हाताशी धरून नवं मंडळ बसवण्यात आलं.

जर्मन लष्कराने त्याआधीच वेगळा उद्योग करून पाहिला होता. उमेदवाराला स्प्रिंग ओढायला लावायची. तो ओढत जाईल तसा विजेचा झटका वाढायचा आणि लपवलेला कॅमेरा त्याचा चेहरा टिपायचा. देहबोलीचा याहून क्रूर अभ्यास क्वचितच झाला असेल! ब्रिटिशांनी मात्र भर दिला तो वागण्यावर. त्यांचे मानसोपचारतज्ज्ञ विल्फ्रेड बायन यांची युक्ती साधी होती: गटाला काम द्यायचं, पण नेता नेमायचा नाही, आणि आपण गप्प बघत राहायचं. उमेदवाराची ओळख नावाने नव्हे, नंबराने.

१९४३ मध्ये देहरादूनला असंच प्रायोगिक मंडळ सुरू झालं. आजची एसएसबी त्याच वळणाची. पाच दिवस चालते. मानसशास्त्रज्ञ मन तपासतो, मुलाखत घेणारा वाचा आणि मैदानावर गटाच्या चाचण्या घेणारा अधिकारी, म्हणजे जीटीओ, कर्म. ‘मनसा, वाचा, कर्मणा’ हे शब्द तिथे रोजच्या बोलण्यातले आहेत. खुर्चीतली ऐट अर्धा तास निभावते. फळी, दोर आणि ओझं घेऊन चौघांसह अडथळा पार करताना हनुवटी किती वर आहे याचं भान कुणाला राहतं?

मराठी मुलं यात मागे पडू नयेत म्हणून राज्य शासनाने १९७७ साली औरंगाबादेत सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था काढली.

तरीही मंडळाची नजर अचूकच असते असं नाही. १९५८ साली हवाई दलात जाण्याचं स्वप्न घेऊन एक तरुण इंजिनिअर देहरादूनला गेला. बुद्धीपेक्षा व्यक्तिमत्त्वावरच जास्त भर दिसला, असं त्याने पुढे आत्मचरित्रात नोंदवलं. पंचवीस जणांत तो नववा आला, घेतले आठच. त्याचं नाव ए. पी. जे. अब्दुल कलाम.