पूल, वर्गणी आणि भिशी

आम्ही शनिवारातले लोक. आमच्याकडे पूल म्हटलं की आधी नवा पूल, नाहीतर ओंकारेश्वराजवळचा पूल. त्यामुळे ऑफिसातल्या बारा जणांची पूल लीग चालू करतोय असं घरी सांगितलं, तेव्हा बाबांनी "कुठल्या पुलावर?" असं विचारलं यात त्यांचा दोष नाही.

लीगचा हिशोब माझ्याकडे आला, कारण एक्सेल शीट मी बनवली होती. (धडा पहिला: शीट बनवणारा आपोआप खजिनदार होतो.) फी माणशी ५०० रुपये, जमा ६०००. टेबलाचं भाडं त्या त्या दोघांनी वाटून द्यायचं. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं, म्हणजे सामने ६६. बक्षीस पहिल्याला ४२००, दुसऱ्याला १८००. सोपं, सुटसुटीत आणि साफ चुकीचं!

चौथ्या आठवड्यात पाच जण यायचे बंद झाले. हरतच होते, वर बक्षीस दोघांनाच, मग टेबलाचं भाडं कशाला भरायचं? पण त्यांच्याशी ज्यांचे सामने राहिले होते त्यांना फुकटचे गुण मिळाले आणि जे आधीच खेळून हरले होते ते भडकले. सगळ्यात वाईट म्हणजे आमचा एक टेस्टर, जो पहिले तिन्ही सामने हरला होता, तो चारच्या चहालाही येईनासा झाला. सात वर्षांची मैत्री, आणि भांडण ५०० रुपयांचं. मला फार लागलं ते.

त्या शनिवारी रात्री सवयीप्रमाणे इतिहासात शिरलो. पहिलीच गंमत नावात सापडली. या खेळाला पूल म्हणतात ते पैशांवरून. फ्रेंचमध्ये 'पूल' म्हणजे कोंबडी, आणि डावावर लावलेले पैसेही. सगळ्यांनी मिळून जमवलेली रक्कम म्हणजे पूल. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात 'पूलरूम' म्हणजे घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावायची जागा. दोन शर्यतींच्या मधे लोकांचा वेळ जावा म्हणून तिथे टेबलं ठेवलेली असत. म्हणजे फी आणि बक्षिसाचा प्रश्न या खेळाला नंतर चिकटलेला नाही, खेळाचं नावच त्यावरून पडलंय.

इंग्रजांच्या क्लबांत आणि छावण्यांत तेव्हा 'लाइफ पूल' चाले. प्रत्येकाने सारखी रक्कम भरायची, प्रत्येकाचा चेंडू वेगळ्या रंगाचा, आणि प्रत्येकाला तीन जीव. तुमचा चेंडू कुणी खिशात घातला की एक जीव गेला, आणि त्या जीवाचे ठरलेले पैसे मारणाऱ्याला द्यायचे. शेवटपर्यंत जिवंत राहील त्याची सगळी जमा. आता खरी मेख बघा: जो सगळ्यात आधी बाद होईल त्याला पुन्हा रक्कम भरून परत येता येई. त्याला 'स्टार' घेणं म्हणत. जीव किती मिळणार? तर तेव्हा सगळ्यात कमी जीव ज्याचे उरलेत, तेवढेच. म्हणजे परत आलास तर ये, पण रांगेत शेवटीच उभा राहा. काय डोकं आहे! जमाही वाढते, आणि पहिला हरणारा कोपऱ्यात बसून जांभया देत नाही.

याच पूलच्या एका प्रकारात आणखी रंगीत चेंडू घालून १८७५ साली जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन या अधिकाऱ्याने स्नूकर जन्माला घातलं, असं मानलं जातं. त्याची पहिली जागतिक स्पर्धा १९२७ मध्ये जो डेव्हिसने जिंकली. बक्षीस साडेसहा पौंड! ट्रॉफीसाठीसुद्धा खेळाडूंच्याच फीचे पैसे वापरले होते. आणि आपले विल्सन जोन्स? जन्म पुण्यातला, १९२२ चा. १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले, १९६४ मध्ये पुन्हा. भारताचा हा पहिला जगज्जेता हौशी खेळाडू होता. तिथे आमची ४२०० रुपयांवरून जुंपलेली. असो.

मग लक्षात आलं की उत्तर पेठेतच होतं. आपल्याकडे पैसे एकत्र करायच्या दोन जुन्या रीती आहेत. भिशीत प्रत्येकाला आपली रक्कम कधी ना कधी परत मिळते, म्हणून मधेच कुणी सोडत नाही. वर्गणीत कुणालाच परत मिळत नाही, पण पावती मिळते आणि उत्सव सगळ्यांचा होतो. पूलमध्ये एकच जण सगळं नेतो. मी नुसता पूल केला होता. तिन्हींची मिसळ करायला हवी होती.

दुसऱ्या हंगामात फी तीच, ५००. त्यातले २५० अनामत. अकराही सामने खेळलास की परत, मग सगळे हरलास तरी चालेल. ही झाली भिशी. उरलेले २५० पूलमध्ये, म्हणजे ३०००. पहिल्याला १२००, दुसऱ्याला ८००, तिसऱ्याला ५००, आणि शेवटच्या सहा सामन्यांत ज्याची सगळ्यात जास्त सुधारणा दिसेल त्याला ५००. तळातल्या चौघांना एक 'स्टार': ५० रुपये भरून एक हरलेला सामना पुन्हा खेळायचा. ते ५० तिसऱ्या बक्षिसात. आणि कुणाची अनामत बुडाली तर ती गणपतीच्या वर्गणीत, पावतीसकट.

६६ पैकी ६३ सामने झाले. राहिलेले तिन्ही एकाच माणसाचे. त्याची २५० ची पावती मी शीटच्या पहिल्या पानावर डकवली. बिचारा अजून म्हणतो, बाप्पाला दिले, माझं काही गेलं नाही.

आणि टेस्टर? मीच त्याच्या डेस्कपाशी गेलो, नवे नियम दाखवले. त्याने टेस्टरसारखेच वाचले, दोन चुका काढल्या आणि फी भरली. आठवा आला. पहिल्या पाचात एक जिंकला होता, शेवटच्या सहात चार, त्यामुळे सुधारणेचे ५०० त्यालाच. 'स्टार' मात्र त्याने माझ्याशी हरलेल्या सामन्यावर घेतला आणि मला हरवलं. त्या दिवशीचा चहा माझ्याकडून होता.