सहा महिने ते दोन वर्षे : बाळाच्या वाटीत काय, किती आणि कुठून?

सावेडी (वार्ताहर) : बाळ जन्मलं की पहिल्या तासात आईच्या अंगावर पाजायचं, हे आता बऱ्याच घरांत माहीत झालंय. तरी पहिला पिवळसर चीक "जड पडतो" म्हणून पिळून टाकायला सांगणाऱ्या आज्या अजून आहेत. गाय व्याली की वासराला चीक पाजल्याशिवाय आपण गोठ्यातून हलत नाही, आणि घरातल्या लेकराला मात्र मध नाहीतर गुळाचं पाणी चाटवतो. त्या चिकात रोगाशी लढणारी द्रव्यं असतात, ती दुसऱ्या कशातून मिळत नाहीत. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला धोक्याचाच.

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. पाणी नाही, गुटी नाही. उन्हाळ्यात "घसा कोरडा पडंल" म्हणून चमचाभर पाणी देतात, त्याचीही गरज नसते. दुधात पाणी असतंच, आणि बाहेरच्या पाण्यातून जुलाब लागतात.

खरी पडझड होते ती सहा महिन्यांनंतर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं बुटकी आणि ३६.१ टक्के कमी वजनाची आढळली. बुटकेपणाची सुरुवात बहुतेक पहिल्या दोन वर्षांतच होते आणि नंतर तो भरून काढणं फार अवघड जातं. अन्न घरात नसतं असं दरवेळी नाही. बाळाला वरणाचं वरचं पाणी देतात, डाळ खाली राहते. चहात बुडवलेलं बिस्कीट देतात. पोट भरतं, अंगाला लागत नाही.

मग द्यायचं काय? सहा महिने पूर्ण झाले की दोन-तीन चमचे घट्टसर खाणं, चमच्यावरून ओघळणार नाही इतकं घट्ट. भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून, मऊ वरण-भात, नाचणीची खीर, मुगाची खिचडी. वरून चमचाभर तूप किंवा तेल, कारण बाळाचं पोट लहान असतं आणि थोड्या घासात जास्त ताकद जायला हवी. आठव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीनदा. नऊ महिन्यांनंतर तीन-चारदा, आणि वर्षानंतर पाऊण ते एक वाटी तीन-चारदा, मधे एखादं केळं नाहीतर अंडं. अंडं सहा महिन्यांनंतर चालतं, पूर्ण शिजवून. शेंगदाण्याचं बारीक कूट घाला. आख्खा दाणा देऊ नका, घशात अडकतो. मोड आलेली मटकी शिजवून कुस्करली, शेवग्याचा पाला बारीक करून वरणात टाकला, तर वेगळा खर्च नाही. अंगावरचं दूध दोन वर्षं आणि पुढंही चालू ठेवायचं. कुरकुऱ्यांचं पाच रुपयांचं पुडकं हे खाणं नव्हे. तेवढ्यात एक केळं येतं.

हे सगळं नव्यानं कुणी शोधलेलं नाही. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे या दांपत्यानं ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघं वेल्लोरला शिकलेले, आधी नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याच्या दवाखान्यात काम केलेले. त्यांच्या ध्यानात आलं, की दवाखान्यात बरं केलेलं लेकरू गावात जाऊन पुन्हा सुकतं. म्हणून गावांनीच निवडलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. त्यातल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, कित्येक दलित वस्तीतल्या होत्या. त्या आठवड्याला जामखेडला येऊन शिकायच्या आणि गावात जाऊन वजनं करायच्या, आयांशी बोलायच्या. बाळ मोठं होऊन बाळंतपण अडेल म्हणून गरोदर बाई कमी खायची. ती समजूत डॉक्टरच्या भाषणानं गेली नसती, शेजारणीच्या तोंडून ऐकल्यावर सुटली. सोबतीला विहिरी, पिण्याचं पाणी, शेतकरी मंडळं, महिला मंडळं होती. १९७१ मध्ये त्या गावांत हजारी १७६ अर्भकं दगावत होती, १९७६ पर्यंत हा आकडा ५२ वर आला. कुपोषित मुलांचं प्रमाण ४० टक्क्यांवरून पुढं ५ टक्क्यांच्या आसपास उतरलं. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्याच जिल्ह्यात हे कमीच लोकांना ठाऊक आहे.

आता अडचणीचा भाग. दिवाळीनंतर पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कुटुंबं ऊसतोडीला जातात. आई पहाटे फडात, तान्हं कोपीत मोठ्या बहिणीच्या मांडीवर. अंगावर पाजायच्या वेळा चुकतात आणि वरचं खाणं म्हणजे सकाळची उरलेली भाकरी. गावच्या अंगणवाडीत नाव असतं, पण घरपोच आहाराचं पाकीट चार महिने घेतलंच जात नाही. लाभार्थ्याला आधार कार्डावर मुक्कामाजवळच्या अंगणवाडीत नाव जोडून घेता येतं. निघायच्या आधी गावच्या सेविकेला सांगा आणि माता-बालक कार्ड सोबत ठेवा. सावेडीसारख्या शहरी भागात बांधकामावर आलेल्यांनाही हेच लागू आहे. मुकादमानं पहिल्याच दिवशी कोपीवरच्या लेकरांची यादी जवळच्या सेविकेकडं दिली, तर अर्धं काम तिथंच होतं. बहुतेक मुकादम देत नाहीत, कारण त्यांना कुणी विचारत नाही.

पहिल्या मुलाच्या वेळी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत आईला ५ हजार रुपये मिळतात, आणि दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६ हजार. तो पैसा आईच्या खाण्यावर जावा, किराण्याच्या उधारीत नव्हे.

जुलाब लागले की खाणं बंद करायची रीत आहे, ती उलटी आहे. अंगावरचं दूध आणि मऊ अन्न चालूच ठेवायचं, क्षारसंजीवनीचं पाणी पाजायचं आणि आशाताईकडून झिंकच्या गोळ्या घेऊन १४ दिवस पुऱ्या करायच्या.

दर महिन्याला अंगणवाडीत वजन-उंची करून घ्या. सहा महिन्यांच्या वरच्या बाळाच्या दंडाचा घेर सेविकेच्या पट्टीवर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, किंवा दोन्ही पायांवर सूज आली, तर ते तीव्र कुपोषण. अशा बाळासाठी गावात ग्राम बाल विकास केंद्र चालतं. सोबत ताप, उलट्या किंवा न खाणं असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करावी लागते. तिथं उपचाराचे पैसे पडत नाहीत, आणि आईला बाळाजवळ राहता येतं.