तगर कुठं होतं? पैठणहून तेरकडे, बीड जिल्ह्यातून

आजचा विषय आहे ग्रीकांच्या लिखाणातला आपला मुलूख. ग्रीसला जाऊन तिथले पडके खांब बघून आलेली माणसं आता आपल्या गावागावांत भेटतात. चांगलं आहे, जावंच. पण ग्रीक भाषेतल्या एका जुन्या पुस्तकात जो रस्ता आलाय, तो आपल्या घरावरून जातो हे आपल्याला माहीत नसतं. आज आपण त्या रस्त्यानं जाऊ.

पुस्तकाचं नाव ‘पेरिप्लस’. इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं. लिहिणारा इजिप्तमधला ग्रीक भाषिक व्यापारी, नाव माहीत नाही. कुठल्या बंदरात काय विकतं, काय मिळतं, वारा कधी सुटतो, असा सगळा धंद्याचा मजकूर. त्यात तो भरुच बंदराबद्दल लिहिताना म्हणतो की दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे. पैठणहून रंगीत खडे येतात, तगरहून साधं जाडंभरडं कापड पुष्कळ, शिवाय तलम मलमल. आणि हा माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मोठ्या मुलखातून खाली आणतात.

पैठण कुठलं याबद्दल वाद नव्हता. नंतरचा टॉलेमीसुद्धा पैठणचा उल्लेख करतो आणि तिथल्या राजाचं नाव ग्रीक वळणानं देतो. तो आपला सातवाहन राजा पुळुमावी. पण तगर कुठलं? कोकणातले आणि कोल्हापूरकडचे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. म्हणजे शहर मोठं होतं. आणि तेच सापडेना.

मग एकोणिसाव्या शतकात शोध सुरू झाला. कुणी देवगिरी म्हणालं, कुणी वेरूळजवळचं रोझा, कुणी जुन्नर. ग्रँट डफ यांनी आपल्या मराठ्यांच्या इतिहासात, म्हणजे 1826 साली, तगर बीडच्या आसपास असावं असं म्हटलं. आणि रा. गो. भांडारकरांनी दख्खनच्या प्राचीन इतिहासात आपल्या धारूरचं नाव पुढं केलं. तगरपुर, त्याचं ताराउर, त्याचं तारूर, दारूर, धारूर, अशी त्यांची मांडणी. धारूर पैठणच्या आग्नेयेला, अंतरही पटण्यासारखं. भांडारकर म्हणजे काही लहान नाव नाही. त्यामुळं काही काळ तरी ग्रीकांचं तगर आपल्या बीड जिल्ह्यात आलं होतं!

पण 1901 साली जॉन फ्लीट यांनी दाखवून दिलं की तगर म्हणजे तेर. धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणाकाठचं, गोरोबाकाकांचं तेर. युक्तिवाद साधा आहे. दोन स्वरांमधला ‘ग’ आपल्या भाषेत गळतो. ‘नगर’चं ‘नेर’ झालं, संगमनेर, पारनेर, अंमळनेर. तसंच ‘तगर’चं ‘तेर’. एक ‘पुर’ जोडून घ्यावा लागत नाही, दोन पायऱ्या कमी लागतात. पुढं हेन्री कझेन्स यांनी तेरला जाऊन तिथलं विटांचं त्रिविक्रम मंदिर बारकाईनं पाहिलं. मागची बाजू अर्धगोल असलेली जुन्या चैत्याच्या घडणीची ती वास्तू आजही उभी आहे. मग पांढरीच्या टेकाडांतून मातीच्या मूर्ती, मणी, रोमन नाण्यांच्या मातीतल्या नकला निघाल्या. एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. इटलीतल्या पाँपेई शहराच्या राखेत सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचं फार जवळचं नातं दिसतं. तेरच्या लामतुरे संग्रहालयात हा सगळा ठेवा बघायला मिळतो. शब्दाचा पुरावा आणि मातीचा पुरावा एकाच गावात भेटले. वाद संपला.

आता आपण बीडकरांनी काय करायचं? इथं आम्हाला थोडं थांबावंसं वाटतं. आपल्या गावाला मोठा इतिहास हवा असतो, आणि तो मिळाला की पुरावा फिरला तरी सोडवत नाही. धारूरबद्दलचं मत भांडारकरांचं होतं, त्या वेळच्या माहितीवर ते वाजवी होतं, पण ते टिकलं नाही, हे सरळ सांगता आलं पाहिजे. आणि गंमत अशी की हे सोडलं तर हातात उरतं ते जास्त मोलाचं आहे.

नकाशा काढा. पैठण आणि तेर यांच्यामध्ये पट्टी ठेवून रेघ ओढा. रेघ जवळजवळ बीड शहरावरून जाते. सरळ अंतर साधारण दीडशे किलोमीटर. वाटेतली वळणं, चढउतार धरा आणि दहा दिवसांनी भागा. दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर येतात. भरल्या बैलगाडीची चाल हीच. त्या रस्त्याचा दगड काही आपल्याला सापडलेला नाही, हा आमचा अंदाज आहे. पण जमीन त्याच बाजूनं बोलते. गोदावरी ओलांडून गेवराईची काळी माती, मग सिंदफणा, बिंदुसरा, मग मांजरसुंब्याचा घाट चढून बालाघाट, पलीकडं केज, मांजरा नदी, कळंब आणि तेर. पावसाळ्यात काळ्या रानात गाडीचं चाक रुतलं की काय होतं ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. ‘धड रस्ता नसलेला मुलूख’ हे त्या ग्रीकानं कुणा गाडीवानाच्या तोंडचं ऐकलं असणार.

या वाटेवर आणि तिच्या आजूबाजूला पुढच्या हजार-दीड हजार वर्षांचं काम पसरलेलं आहे. बीडमध्ये पाण्यात उभं असलेलं कंकालेश्वर मंदिर बघा. शहराच्या दक्षिणेला खजाना बावडी आहे, निजामशाहीतली, 1582 च्या सुमाराची, सलाबतखानाच्या नावाशी जोडलेली. वरून विहीर दिसते, पण खरं काम जमिनीखाली आहे. बोगद्यांनी पाणी विहिरीत येतं आणि दुसऱ्या बोगद्यानं उतारानं शेताकडं जातं. ना मोट, ना मोटर. सारखा टँकरची वाट बघणारा जिल्हा म्हणून आपली ओळख झालीय, तेव्हा ही विहीर शाळेच्या प्रत्येक पोराला एकदा दाखवली पाहिजे.

धारूरचा किल्ला बघा. 1567 च्या सुमारास आदिलशाही सरदार किश्वरखानानं बांधलेला. नंतर धारूरला फतेहाबाद म्हणू लागले. तगर नसलं तरी घाटाच्या तोंडावर किल्ला का लागतो, हे तटावर उभं राहिलं की कळतं.

आणि अंबाजोगाई. हत्तीखान्यातले दगडी हत्ती, योगेश्वरी, मुकुंदराजांची समाधी हे सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही मात्र शिलालेखांकडं बोट दाखवू. यादव राजा सिंघणाचा सेनापती खोलेश्वर इथला. त्याचा मुलगा राम गुजरातच्या मोहिमेत नर्मदेकाठी पडला. त्याची बहीण लक्ष्मी, तिनं भावाच्या स्मरणार्थ देऊळ बांधवलं आणि शके 1162, म्हणजे 1240 साली, लेख कोरवून ठेवला. तो दगड नसता तर त्या बहिणीचं नाव आज कुणाला माहीत असतं?

याच गावात दासोपंतांनी पासोडी लिहिली. सुमारे चाळीस फूट लांबीच्या सुती कापडावर अख्खा ग्रंथ. दासोपंत वारले 1615 साली. पेरिप्लसमधलं तगरचं जाडंभरडं कापड आणि ही पासोडी यांत दीड हजार वर्षांचं अंतर आहे. थेट धागा आम्ही जोडत नाही. पण या काळ्या मातीतल्या कापसाचं एक कापड समुद्रापार गेलं आणि एक कापड ग्रंथ झालं, एवढं म्हणायला हरकत नाही.

शेवटी एक विनंती. शिलालेख दिसला की त्याला शेंदूर किंवा ऑइलपेंट लावू नका. श्रद्धेनंच लावतात, पण अक्षरं बुजतात. जीर्णोद्धाराच्या वेळी जुना दगड फोडायच्या आधी त्याचा उजेडात, आडवा प्रकाश घेऊन, फोटो काढा आणि वाचणाऱ्याला दाखवा. फ्लीटना तगर सापडलं ते जुनं नाव जपलेल्या लोकांमुळं आणि जुनी पांढरी न खणलेल्या गावामुळं.

दसऱ्यानंतर आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. बैल, गाडी, पोरंबाळं, संसार. दोन हजार वर्षांपूर्वी याच घाटानं कापडाच्या गाड्या उतरत होत्या असा आमचा कयास आहे. त्या गाडीवानांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. आपल्या काळातल्या गाडीवानांची तरी लिहून ठेवू या. बसता-उठता, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, कुठल्या वाटेनं जात होता, मुक्काम कुठं पडायचा, पाणी कुठं मिळायचं. वहीत लिहा. तोही इतिहासच आहे.

आता प्रश्न असतील तर घेऊ.