‘मूळ गाव’ : एका रकान्याचा इतिहास

मी शाळेत फार शिकलो नाही. इतिहासाचे जे काही वाचन झाले ते दुसऱ्या पाळीहून घरी परतल्यावर, आणि तेही वाचनालयातून जे पुस्तक मिळेल ते. त्यामुळे आपल्यापुढे पंडिताच्या अधिकाराने बोलण्याचा माझा मनसुबा नाही. परंतु अंबरनाथच्या कारखान्यांत तीस वर्षे युनियनचे सभासद-अर्ज भरून घेताना ‘मूळ गाव’ या एका रकान्याने मला जेवढे विचारात पाडले, तेवढे कोणत्याच ग्रंथाने पाडले नाही.

१९९३ च्या सुमारास एक सिंधी फिटर माझ्यापुढे बसले होते. जन्म सक्करचा, फाळणीत लहानपणी आईवडिलांबरोबर इकडे आलेले. त्या रकान्यापाशी ते थांबले आणि म्हणाले, “भाऊ, उल्हासनगर लिहा. तिकडे आता आमचे कोण आहे?” पुढे काही वर्षांनी त्यांचा मुलगा त्याच कारखान्यात लागला. कल्याणपलीकडे फारसे काही न पाहिलेल्या त्या मुलाने ठासून सांगितले, “सक्कर, सिंध.” बापाने जे पुसले ते मुलाने पुन्हा लिहिले. असे का व्हावे?

आपण विसरतो, पण सिंध १ एप्रिल १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. कराचीचा व्यापारी आणि कल्याणचा शेतकरी एकाच गव्हर्नरच्या अमलाखाली होते. तरी त्यांना एकमेकांविषयी आपुलकी वाटत होती, असे कोणी म्हणणार नाही. सरकार एक असले म्हणजे मने एक होतातच असे नाही. फाळणीनंतर हीच माणसे कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावण्यांत निर्वासित म्हणून आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. प्रांत मागे राहिला होता, उरली होती फक्त भाषा. आणि ती अरबी वळणाच्या लिपीत लिहावी की देवनागरीत, यावर घरोघर वाद झाले. घटनेच्या आठव्या परिशिष्टात सिंधीला स्थान मिळाले ते १९६७ साली.

आता आपल्या मराठी माणसाचे पाहू. आपण आरंभापासूनच ‘महाराष्ट्रीय’ होतो, ही समजूत गोड आहे, पण ती पूर्ण खरी नाही. गिरणगावात आलेला रत्नागिरीकर आधी आपल्या गावाचा होता. गावकऱ्यांच्या खोलीत झोपायचा, खानावळीत जेवायचा, गणपतीला आणि शिमग्याला गावी जायचा. घाटावरचा सातारकर त्याला परका वाटे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, विदर्भ मध्यप्रांतात. १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला खरा. पण तो खोल्याखोल्यांत, चाळीचाळींत पोचवला तो कामगारांनी आणि शाहिरांनी. २१ नोव्हेंबर १९५५ ला गिरण्या बंद ठेवून कामगार फ्लोरा फौंटनकडे निघाले, तेव्हा त्या गर्दीत कोकणी कोण आणि घाटी कोण, हे कोणी विचारले नाही. गोळीबार झाला, आणि पुढे जानेवारी १९५६ मध्येही झाला. शंभरांहून अधिक माणसे बळी गेली. त्या वेळी त्यांच्यावर देश फोडण्याचा आरोप झाला. मला हा आरोप तेव्हाच्या दिल्लीचा मोठाच गैरसमज वाटतो. ही माणसे भारताबाहेर जायला निघाली नव्हती. भारतात आपल्या नावाने राहायला जागा मागत होती. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी याच प्रश्नावर मंत्रिपद सोडले, त्यांना कोण देशद्रोही म्हणेल?

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. (बेळगावचे दुःख राहिलेच.) कामगार म्हणून त्या तारखेचे मला विशेष वाटते. वाचताना कळले की १ मे हीच तारीख स्कॉटलंड आणि इंग्लंड यांचे एक राज्य झाल्याची, साल १७०७. स्कॉटिश लोकांनी आपली पार्लमेंट सोडली, न्यायालये आणि धर्मसंस्था मात्र राखली. पुढे साम्राज्य, सैन्य, खाणी, जहाजांचे कारखाने यांत ते ‘ब्रिटिश’ म्हणून वाढले. साम्राज्य गेले, खाणी बंद पडल्या, आणि जुने नाव पुन्हा वर आले. १९९९ ला त्यांची पार्लमेंट परत भरली. २०११ च्या खानेसुमारीत शंभरांतील सुमारे ६२ जणांनी ‘केवळ स्कॉटिश’ या रकान्यात खूण केली. पण २०१४ च्या सार्वमतात शंभरांतील ५५ मते एकत्र राहण्याच्या बाजूने पडली! रकान्यातली खूण आणि मतपेटीतले मत यांत हे अंतर.

मला यात माझ्या धंद्याची एक गोष्ट दिसते. खाण किंवा गिरणी ही नुसती मजुरीची जागा नसते. तिथे पद्मशाली, भय्या, कोकणी, घाटी यांना एकच भोंगा बोलावतो. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद झाल्या. भोंगा थांबल्यावर माणूस पुन्हा जुने नाव शोधू लागला, असे मला वाटते. इतिहासकारांनी मला खोडून काढावे. त्या सिंधी मुलाचेही तसेच असावे. त्याला कायम नोकरी मिळालीच नाही, तो कंत्राटात राहिला. मग कारखान्याचे नाव त्याने आपले कसे मानावे?

माझ्या स्वतःच्या अर्जावर मी ‘शिरगाव, बदलापूर’ असे लिहिले होते. वडिलांनी तो कागद पाहिला, काही बोलले नाहीत. पेन्सिलीने त्याखाली पाटण तालुक्यातल्या आमच्या वाडीचे नाव घातले. मी ते खोडले नाही.